'चक्कर येऊन पडला' याला इंग्रजीत काय म्हणायचं? फेंट, स्वून की कोलॅप्स?

वाडीरत्नागिरी

मंडळी, मदत हवी आहे. चैत्र यात्रेत जोतिबाच्या डोंगरावर लावण्यासाठी प्रथमोपचाराचा फलक तयार होतोय. डाव्या बाजूला मराठी, उजव्या बाजूला इंग्रजी. उन्हातान्हात, गर्दीत, गुलालात तासन्‌तास उभं राहून माणसं पडतात. त्यांच्यासाठीची ओळ अशी आहे:

'चक्कर येऊन पडल्यास त्या व्यक्तीला उठवून बसवावे, तोंडावर पाणी मारावे व पाणी पाजावे.'

'चक्कर येऊन पडणे' याला तिघांनी तीन शब्द सुचवले: फेंट, स्वून, कोलॅप्स. शब्दकोशात तिन्हींसमोर 'मूर्च्छा येणे' असंच सापडतं. तिन्ही एकसारखे नसणार हे कळतं, पण फरक नेमका कुठे आहे? आणि फलकावर कुठला घ्यावा?

तत्सम_तद्भव

फेंट घ्या. का ते नीट सांगतो, कारण हा फरक शब्दकोशातल्या एका ओळीत मावत नाही.

कोलॅप्स म्हणजे कोसळणे. इमारत कोसळते, पूल कोसळतो, तसा माणूस कोसळतो. तो पडला एवढंच या शब्दातून कळतं. शुद्ध गेली की नाही, हे त्यात नाही. पाय लटपटून पडलेला, हृदय बंद पडून पडलेला, थकून बसकण मारलेला, तिघांनाही कोलॅप्स चालतो. बातमीदार तो शब्द आवडीने वापरतात, कारण माणूस का पडला हे माहीत नसताना तो सुरक्षित आहे. सूचनाफलकावर मात्र अपुरा पडतो.

स्वून एके काळी साधा शब्द होता, मूर्च्छेचाच. मूळ जुन्या इंग्रजीतलं. आज तो जुन्या कथा-कवितांत आणि चाहत्यांच्या भाषेत उरलाय. एखाद्या नटावर पोरी 'स्वून' करतात म्हणजे खाली पडत नाहीत, घायाळ होतात. आपल्याकडे गाणं ऐकताना भान हरपतं, तसं. भान हरपणं आणि शुद्ध हरपणं यात मराठीने जी रेघ ओढली आहे, तीच आजच्या इंग्रजीत स्वून आणि फेंट यांच्यात आहे. फलकावर स्वून लिहिलंत तर वाचणारा चमकेल.

फेंट हा रोजच्या वापरातला, वयाचं-शिक्षणाचं बंधन नसलेला शब्द. शुद्ध थोडा वेळ जाते, माणूस पडतो आणि आपोआप शुद्धीवर येतो, एवढा सगळा अर्थ त्यात आहे.

आता व्याकरण, कारण मराठी माणूस हमखास इथेच चुकतो. मराठीत मूर्च्छा 'येते', भोवळ 'येते', आणि ती 'मला' येते. मी काही करत नाही, ती माझ्याकडे येते. इंग्रजीत उलट आहे. तिथे माणूस कर्ता: 'ही फेंटेड', 'शी फेंटेड'. आपल्याला वाटतं की हे माणसावर ओढवलेलं आहे, म्हणून आपण 'ही वॉज फेंटेड' लिहितो. ते चूक. हे क्रियापद अकर्मक आहे, त्याचा कर्मणी प्रयोग होत नाही. शाळांच्या अहवालांत आणि रजेच्या अर्जांत ही चूक सर्रास दिसते.

आणि हाच शब्द विशेषण म्हणून आला की अर्थ बदलतो. 'आय फील फेंट' म्हणजे शुद्ध गेलेली नाही, जाईलसं वाटतंय. 'आय फेंटेड' म्हणजे गेली होती. डॉक्टरसमोर या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

दूधकट्टा

फेंट म्हणजे फिकट, पुसट हाही अर्थ आहे ना? 'फेंट लाइन' म्हणजे पुसट रेघ. दोन्हींचा संबंध आहे का?

तत्सम_तद्भव

शब्द एकच आहे. जुन्या फ्रेंचमधून आला. तिथे त्याचा अर्थ होता बनावट, ढोंगी, आणि त्यावरून कामचुकार, ढिला. इंग्रजीत आधी दुबळा, मग निस्तेज, आणि पुढे १४०० च्या सुमारास शक्ती जाऊन पडणे असा प्रवास झाला. दुबळा आवाज, दुबळी रेघ, दुबळा माणूस. 'मला पुसटशीही कल्पना नाही' याला इंग्रजीत जे म्हणतात त्यात 'फेंटेस्ट' येतं. इथे दोन्ही भाषांनी अगदी एकच प्रतिमा निवडली आहे.

खेळातली हुलकावणी, तलवारबाजीतला खोटा वार, याला असलेला शब्द उच्चाराने हुबेहूब 'फेंट'च आहे, फक्त स्पेलिंगमध्ये 'ए-आय'ऐवजी 'ई-आय' येतं. तोही त्याच कुळातला. मागे गेलं की लॅटिनमधल्या घडवणे-रचणे या धातूपाशी पोचतो, आणि फिक्शन हा शब्दही तिथूनच निघतो. फलक टंकलिखित करणाऱ्याला हे स्पेलिंग तपासायला सांगा. चुकीचं झालं तर अर्थ होईल 'हुलकावणी दिल्यास'.

नाडी_आणि_दाब

इंग्रजी शब्द नंतर ठरवा. आधी मराठी ओळ बदला, ती धोक्याची आहे. उठवून बसवायचं नाही आणि पाणी पाजायचं नाही.

मूर्च्छा येते म्हणजे काय होतं ते पाहा. मेंदू वजनाने शरीराच्या २ टक्के, पण हृदयातून निघणाऱ्या रक्तातला सुमारे १५ टक्के वाटा एकटा घेतो, आणि त्याच्याजवळ साठा जवळजवळ नसतोच. रक्तपुरवठा ६ ते ८ सेकंद तुटला तरी शुद्ध जाते. माणूस उभा राहिला की साधारण अर्धा ते पाऊण लिटर रक्त पाय आणि पोटाकडे उतरतं. एरवी शिरा आवळून आणि ठोके वाढवून शरीर ते सावरतं. पण ऊन, उपवास, कमी पाणी, एका जागी ताटकळणं, भीती, रक्त दिसणं यांपैकी काही जुळून आलं, की उलटा प्रकार होतो: शिरा सैलावतात, ठोके मंदावतात, दाब घसरतो. या प्रकाराला व्हेसोव्हेगल हे नाव थॉमस लुईस या ब्रिटिश हृदयतज्ज्ञाने १९३२ मध्ये दिलं.

आता पडणं हाच शरीराचा उपाय आहे. आडवा झाला की डोकं आणि हृदय एका पातळीवर येतं, रक्त मेंदूकडे परततं आणि बहुतेक वेळा अर्ध्या-एक मिनिटाच्या आत माणूस डोळे उघडतो. लोक काय करतात? दोघे बगलेत हात घालून त्याला उभा धरतात, नाहीतर खुर्चीत बसवतात. रक्त पुन्हा पायांत. शुद्ध येत नाही, अंग झटके देऊ लागतं, आणि मग 'फिट आली' म्हणून ओरड होते. साधी मूर्च्छा इथे आपणच वाढवलेली असते.

पाण्याचं तसंच. अर्धवट शुद्धीतल्या माणसाची गिळण्याची क्रिया जागेवर नसते. ओतलेलं पाणी श्वासनलिकेत जाऊ शकतं.

करायचं ते असं. पडला तिथेच, सावलीत ओढता आला तर सावलीत, पाठीवर आडवा ठेवा. पाय फूटभर वर घ्या. पायाखाली पिशवी, गाठोडं, घडी केलेलं घोंगडं काहीही चालेल. गळ्याचं बटण, कमरेचा पट्टा, पदर-ओढणीची गाठ सैल करा. भोवतीची माणसं मागे हटवा. तोंडावर पाणी मारण्यापेक्षा कपाळ-मानेवर ओला रुमाल ठेवा. गरोदर बाई असेल तर पाठीवर नको, डाव्या कुशीवर. शुद्ध आली तरी लगेच उठू देऊ नका: दहा-पंधरा मिनिटं आडवं, मग थोडा वेळ बसून, मग उभं. घाईने उठवलेला माणूस पुन्हा पडतो, आणि दुसऱ्यांदा पडताना डोकं फुटतं. पाणी किंवा ओआरएस नीट बोलायला लागल्यावर, बसून, घोटघोट.

एका मिनिटात शुद्ध आली नाही तर १०८.

लाल_माती

वर डॉक्टरांनी लिहिलंय त्यात तालमीतलं एक घाला. जोर-बैठका मारून पोरगं थांबलं की एका जागी उभं राहतं आणि धाडकन पडतं. बैठका चालू असतात तोवर पोटऱ्या-मांड्या रक्त वर ढकलत असतात. थांबला की पंप बंद, शिरा मात्र अजून सैल आणि अंग तापलेलं. म्हणून शेवटच्या बैठकीनंतर पाच मिनिटं आखाड्यात फेऱ्या मारायच्या, भिंतीला टेकून उभं राहायचं नाही. कुस्तीच्या आधी वजन उतरवायला पाणी तोडलेलं असलं तर हे हमखास होतं.

पण फरक ध्यानात ठेवा भावांनो. मेहनत थांबल्यावर पडला तर बहुधा हे. मेहनत चालू असताना, डाव चालू असताना, पळता-पळता आपोआप पडला तर ते हृदयाचं असू शकतं. त्याला 'ऊन लागलं' म्हणून सोडायचं नाही. ईसीजी आणि टूडी इको झाल्याशिवाय मातीत पाय ठेवू द्यायचा नाही.

आणि डोक्यावर आपटून शुद्ध गेली तर ती मूर्च्छा नव्हे. आधी काय झालं, आपटणं की शुद्ध जाणं, हे बघणाऱ्याला विचारा. आधी आपटला असेल तर इंग्रजीत 'नॉक्ड आउट' म्हणतात, फेंट नाही. त्याला मानेला धक्का न लावता ठेवायचं. पाय वर करायच्या भानगडीत पडायचं नाही.

दूधकट्टा

'नॉक्ड आउट'वरून, 'पास आउट' कसा आहे? फलकावर तो घेतला तर जास्त लोकांना कळेल का?

तत्सम_तद्भव

नको. अर्थ बरोबर आहे, बोलीतला आहे, परदेशात सगळीकडे चालतो. पण भारतात 'मी २०१२ चा पासआउट' म्हणजे त्या वर्षी पदवी घेऊन बाहेर पडलो. हा वापर आपल्याकडचा. लष्करातली पासिंग आउट परेड ब्रिटिशांकडून आली, तिथे तो शब्द योग्यच आहे. कॉलेजपुरता मात्र आपण तो स्वतः वाढवला. परदेशी विद्यापीठाच्या अर्जात 'आय पास्ड आउट इन २०१२' लिहिलं की तिकडचा वाचणारा म्हणतो, याला २०१२ मध्ये मूर्च्छा आली होती. अर्ज भरणाऱ्यांनी तिथे 'ग्रॅज्युएटेड' लिहावं. 'पास आउट' दारूने किंवा दमून आडवा झालेल्यालाही लावतात, त्यामुळे औपचारिक जागी तो बसतही नाही.

ब्लॅकआउटलाही तीन अर्थ आहेत: वीज जाणं, युद्धकाळात दिवे झाकणं, आणि शुद्ध जाणं. शिवाय दारूतला ब्लॅकआउट म्हणजे माणूस जागा होता, बोलत होता, चालत होता, पण त्याला पुढे काही आठवत नाही. हा चौथा. सूचनेत इतके फाटे नकोत.

आपत्कालीन_कक्ष

या धाग्यात सगळ्यांत महत्त्वाचा शब्द इंग्रजी नसून 'चक्कर' आहे, आणि त्याच्याकडे अजून कोणी पाहिलं नाही.

रुग्णाबरोबर आलेला माणूस म्हणतो, 'चक्कर आली.' या एका शब्दात तीन वेगळ्या गोष्टी येतात. एक, भिंती फिरतात, खाट फिरते, मान वळवली की उलटी येते. हा व्हर्टिगो, बहुधा कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या भागाचा. दोन, डोकं हलकं होतं, घाम फुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, पण माणूस पडत नाही. ही मूर्च्छेची पायरी. तीन, शुद्ध जाऊन पडला. तपासणी तिन्हींची वेगळी. पहिल्यात कान आणि डोळ्यांची हालचाल पाहतात, तिसऱ्यात आधी ईसीजी काढतात. आजारांच्या जागतिक संकेतयादीच्या दहाव्या आवृत्तीतही ही दोन घरं वेगळी आहेत: डिझिनेस-गिडिनेसला आर ४२, आणि सिंकपी (मूर्च्छेचं वैद्यकीय नाव) व कोलॅप्सला आर ५५. विम्याच्या कागदावर 'चक्कर'चं भाषांतर 'गिडिनेस' करून पाठवलं आणि माणूस प्रत्यक्षात बेशुद्ध पडला होता, तर कागदावर आजारच बदलतो. केसपेपरवर आपणहून 'शुद्ध गेली होती, अंदाजे इतके सेकंद' असं लिहायला सांगा.

१०८ ला फोन लावल्यावरही 'चक्कर आलीय' म्हणू नका. 'बेशुद्ध आहे, श्वास चालू आहे' किंवा 'बेशुद्ध आहे, श्वास नीट नाही' असं म्हणा. एवढ्या दोन माहितीवर पुढचं सगळं ठरतं.

तत्सम_तद्भव

हे फार मोलाचं लिहिलंत. शब्दांकडे पाहिलं तर तुमचं म्हणणं त्यांच्या अंगातच लिहिलेलं आहे. चक्कर म्हणजे चक्र. घेरी म्हणजे घेर. भोवळ ही भोवणे, भोवरा, भोवती यांची बहीण. तिन्ही शब्द गोल फिरण्याचे आहेत, एकातही शुद्ध जाण्याचा मागमूस नाही. म्हणूनच आपल्याला 'चक्कर येऊन पडला' असं जोडून सांगावं लागतं. लॅटिनमधून आलेला व्हर्टिगोही फिरण्याच्याच धातूवरून आहे. म्हणजे चक्कर-भोवळ-घेरी यांची खरी जोडी व्हर्टिगो आणि गिडिनेसशी. आणि मूर्च्छा, झीट, शुद्ध हरपणे, बेशुद्ध पडणे यांची जोडी फेंटशी.

मधल्या पायरीला, 'आय फील फेंट'ला, मराठीत नेमका शब्द आहे, तो आपण चक्करखाली दडपून टाकलाय: डोळ्यांपुढे अंधारी येणे.

नाडी_आणि_दाब

अंधारीबद्दल पूर्ण सहमत, आणि त्याला शरीरशास्त्राचा आधारही आहे. डोळ्याच्या गोळ्यात आतून स्वतःचा दाब असतो. रक्तदाब घसरू लागला की त्या दाबाविरुद्ध दृष्टिपटलापर्यंत पोचणं रक्ताला आधी जड जातं. म्हणून मेंदू बंद पडायच्या काही सेकंद आधी दिसणं जातं: कडेकडेने काळं होत येतं, रंग उडतात, मग अंधार. त्याच वेळी कानात दडे बसल्यासारखा आवाज दूर जातो, जांभया येतात, तोंड पांढरंफटक पडतं.

या काही सेकंदांत माणूस स्वतःला वाचवू शकतो. सगळ्यांत बरं म्हणजे जागेवरच आडवं होणं. रांगेत आडवं होता येत नसेल तर पायांची तिढी मारून मांड्या आणि कुल्ले घट्ट आवळा, किंवा दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून बाहेरच्या बाजूला ओढा. स्नायू आवळले की खाली साचलेलं रक्त वर ढकललं जातं. एवढ्याने बऱ्याचदा मूर्च्छा टळते, निदान खाली बसायला वेळ मिळतो. नवरात्रात अंबाबाईच्या रांगेत उपवासाच्या अंगाने उभं राहणाऱ्यांनी पोटऱ्या हलवत राहाव्यात, टाचा वर-खाली कराव्यात आणि उपवासातही पाणी तोडू नये.

काढा_चूर्ण

आयुर्वेदाची बाजू मांडतो, कारण 'मूर्च्छा' हा शब्द तिथून आपल्या हाती आला. चरकाने सूत्रस्थानाच्या २४ व्या अध्यायात मद, मूर्च्छा आणि संन्यास असे तीन टप्पे सांगितलेत, एकाहून एक भारी. मद आणि मूर्च्छा दोषांचा वेग ओसरला की आपोआप शमतात. संन्यास मात्र औषधावाचून शमत नाही. आजच्या भाषेत पाहिलं तर आपोआप बरी होते ती सिंकपी, होत नाही तो कोमा. शुद्ध 'गेली' यापेक्षा 'आपोआप परत आली का' हा प्रश्न मोठा आहे, हे तिथे स्पष्ट दिसतं. संन्यास शब्दाचा रोजचा अर्थ वेगळा झाल्यामुळे तो फलकावर घेता येणार नाही, पण मूर्च्छा घेता येईल.

तंबोरा

एक शंका. मूर्च्छा आणि गाण्यातली मूर्च्छना यांचा धातू एकच आहे का? आणि वर सिंकपी हा शब्द आला, त्याचा तालातल्या सिंकोपेशनशी काही संबंध?

तत्सम_तद्भव

दोन्हींना हो. धातुपाठात मूर्छ् धातूचे दोन अर्थ दिलेत: मोह, आणि समुच्छ्राय म्हणजे वाढणं, वर चढणं. मोहाकडून मूर्च्छा आली. चढण्याकडून सात स्वरांच्या क्रमवार आरोह-अवरोहाची मूर्च्छना आली, असं मला पटतं. वैद्यकातही हा शब्द दुसऱ्या वाटेने चालतो.

काढा_चूर्ण

बरोबर, तैलमूर्च्छना. औषधी तेल सिद्ध करण्याआधी कच्च्या तेलात मंजिष्ठेसारखी द्रव्यं आणि पाणी घालून ते उकळतात. तेलाचा उग्र वास आणि आमदोष जातो, आणि ते पुढची औषधं धरायला तयार होतं. पाऱ्याचंही मूर्च्छन असतं.

तत्सम_तद्भव

सिंकपीचं तर आणखी सरळ आहे. ग्रीक शब्द, अर्थ कापून काढणं, तोडणं. एकाच शब्दाचे तीन धंदे आहेत. वैद्यकात जाणीव मधेच तुटते. व्याकरणात शब्दाच्या मधला उच्चार गळतो. आपण 'कापूस'चं 'कापसाला', 'लाकूड'चं 'लाकडाला' करतो तेव्हा मधला 'ऊ' लिखाणात 'अ' होतो आणि बोलताना तोही जातो. उच्चार होतो 'काप्साला', 'लाक्डाला'. तालात सम किंवा अपेक्षित ठोका सोडून मधेच आघात येतो, ते सिंकोपेशन. उच्चार मात्र सांभाळा: 'सिंकोप' नाही, 'सिंकपी', शेवटचा 'ई' बोलायचा. फलकावर हा शब्द नको. तो डॉक्टरांच्या कागदावरचा आहे.

वाडीरत्नागिरी

खूप आभार. दोन गोष्टी अजून अडल्यात. यात्रेत फिट येऊन पडणारेही असतात. आणि अंगात येऊन खाली पडणारेही. स्वयंसेवकाने ओळखायचं कसं?

आपत्कालीन_कक्ष

मूर्च्छेतही अंगाला झटके येतात, त्यामुळे नुसत्या झटक्यांवरून ठरवू नका. ढोबळ खूण अशी: दहाहून कमी असतील तर बहुधा मूर्च्छा, वीसहून जास्त असतील तर आकडी. मूर्च्छेआधी माणूस पांढरा पडतो आणि घामेजतो; आकडीत चेहरा निळसर होऊ शकतो, जीभ कडेला चावली जाते. सगळ्यांत चांगली खूण नंतरची. मूर्च्छेतून आलेला माणूस अर्ध्या मिनिटात 'मी कुठे आहे' हे सांगतो, नाव सांगतो. आकडीनंतर तो बराच वेळ गोंधळलेला, झोपाळू असतो. दोन्हींत तोंडात चमचा, चप्पल, कांदा काहीही आणायचं नाही. आकडीत डोक्याखाली मऊ काहीतरी, आजूबाजूचे दगड बाजूला, थांबली की कुशीवर. ५ मिनिटांहून जास्त चालली तर १०८.

मधुमेही असेल आणि शुद्धीवर असेल तर ग्लुकोमीटरवर साखर बघा. ७० च्या खाली असेल तर साखर-पाणी. बेशुद्ध असेल तर तोंडात काही नाही, साखरसुद्धा नाही.

आणि ऊन. अंग भट्टीसारखं तापलंय आणि माणूस असंबद्ध बोलतोय किंवा बेशुद्ध आहे, तर ती मूर्च्छा समजून पाय वर करत बसू नका, तो उष्माघात आहे. कपडे उतरवा, अंगभर पाणी ओता, वारा घाला, आणि त्याच वेळी १०८. तोंडावर पाणी मारण्याची सवय तिथे अंगभर वापरायची.

नाडी_आणि_दाब

अंगात येण्याबद्दल. श्रद्धेत हात न घालता स्वयंसेवकाने एवढंच बघावं: हाकेला, खांद्यावरच्या थापेला प्रतिसाद देते का, श्वास नियमित आहे का. प्रतिसाद असेल तर दगड-पायऱ्यांपासून जपा आणि सोबत राहा. प्रतिसाद नसेल तर ती बेशुद्ध व्यक्ती, उपचार तेच. 'अंगात आलंय, हात लावू नका' म्हणून सोडून द्यायचं नाही.

तत्सम_तद्भव

इथे एक शब्द सांगतो, रेंगाळण्यासारखा आहे. 'गिडी' हा शब्द जुन्या इंग्रजीत 'गिडिग' होता, आणि त्याचा अर्थ होता देवाने झपाटलेला. देव या शब्दापासूनच तो बनला. आज तो साध्या भोवळीला वापरतात. अंगात येणं आणि भोवळ येणं त्यांच्याकडेही एके काळी शेजारी होतं.

वाडीरत्नागिरी

सगळं धरून नवा मजकूर:

'माणूस बेशुद्ध पडल्यास: १. हाक मारा, खांद्यावर थाप द्या. श्वास बघा. २. श्वास नीट चालू असल्यास सावलीत आडवे झोपवा, पाय फूटभर उंच ठेवा. कपडे सैल करा. उठवून बसवू नका. ३. पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत काहीही पाजू नका. ४. एका मिनिटात शुद्ध न आल्यास १०८. ५. श्वास नसल्यास सीपीआर द्या व १०८.'

वर ठळक: 'डोळ्यांपुढे अंधारी आल्यास लगेच खाली बसा किंवा आडवे व्हा.' इंग्रजी बाजूला अंधारीसाठी 'इफ यू फील फेंट', आणि दुसऱ्या शीर्षकासाठी 'इफ समवन फेंट्स'. बरोबर आहे ना?

तत्सम_तद्भव

पहिलं अचूक. दुसऱ्यात थोडा बदल करा. पडलेला माणूस मूर्च्छित आहे की त्याचं हृदय थांबलंय हे स्वयंसेवकाला अजून माहीत नाही, ते तुमच्या पहिल्या पायरीत कळणार आहे. 'फेंट्स' लिहिलं की 'येईल आपोआप शुद्धीवर' असं आधीच गृहीत धरलं जातं. म्हणून शीर्षकात 'कोलॅप्सेस' घ्या. वर मी त्याला अपुरा म्हटलं होतं; या जागी तोच बरोबर, कारण इथे कारण माहीत नसणं हेच खरं आहे. 'फेंट' दुसऱ्या पायरीपासून येऊ द्या.

आपत्कालीन_कक्ष

पाचव्या ओळीत 'सीपीआर द्या' नको. डॉक्टरी भाषेत सीपीआर म्हणजे छाती दाबून रक्त फिरतं ठेवणं, पण कोल्हापुरात सीपीआर म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय. 'याला सीपीआर लागेल' म्हटलं की लोक उचलून गाडीत घालतात आणि दवाखान्याच्या वाटेला लागतात, आणि तेवढा वेळ छाती कोणी दाबत नाही. असं लिहा: 'श्वास नसल्यास किंवा अधूनमधून आचका देत असल्यास जागेवरच छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी जोरात दाबा. ५ ते ६ सेंटीमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा, रुग्णवाहिका येईपर्यंत न थांबता.' आणि आधी एकाला बोट दाखवून सांगा, 'तू १०८ ला फोन लाव.' नुसतं 'कोणीतरी लावा' म्हटलं की कोणीच लावत नाही.

वाडीरत्नागिरी

शीर्षक आणि पाचवी ओळ दोन्ही बदलली. छातीवर हात कुठे ठेवायचे त्याचं चित्र बाजूला टाकतोय.

लाल_माती

चित्रात कोपर ताठ काढायला सांगा. वाकलेल्या कोपरानं दाब खोल जात नाही.